पऱ्हाटीतलं इंधन कुणाचं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आपल्या सेलू, मानवत, पाथरीच्या भागात कापसाची शेवटची वेचणी झाली की शेतात उभी राहते ती पऱ्हाटी. कुणी तिला पळाटी म्हणतं. बोंडं गेली, पानं गळाली, उरला तो काड्यांचा सांगाडा. मोंढ्यात कापसाचा भाव विचारला जातो, सरकीचा विचारला जातो. पऱ्हाटीचा भाव कुणी विचारत नाही. हिशेबाच्या वहीत तिच्यासाठी रकानाच नसतो. आज मला तिच्याविषयीच बोलायचं आहे. कारण जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांना अशा काडीकचऱ्यात मोटारीचं आणि विमानाचं इंधन दिसू लागलं आहे. ते बाहेर काढण्यासाठी त्यांनी जे मजूर कामाला लावले आहेत, ते डोळ्यांना दिसत नाहीत. ते आहेत सूक्ष्मजीव. काही निसर्गाने घडवलेले, काही माणसाने त्यांची जनुकं बदलून नव्याने घडवलेले.

मी कवितेचा माणूस. विज्ञानाचा अधिकारी नव्हे. पण ज्या गावाचा संसार कापसावर उभा राहिला, त्या गावात राहणाऱ्याला हा विषय परका मानता येत नाही.

सूक्ष्मजीवांकडून काम करून घेणं आपल्याला नवं नाही. इडलीचं पीठ रात्रभर फुगतं, विरजणाच्या चमचाभर दह्याने पातेलंभर दूध लागतं. छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे जुन्या औरंगाबादचा, नान-खलिया आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्यातल्या नानच्या पिठाला खमीर लागतो. खमीर म्हणजे आंबवण. त्यातलं यीस्ट पिठातली साखर खातं आणि दोन गोष्टी देतं: एक वायू, ज्याने नान फुगतो, आणि थोडासा मद्यार्क, जो भट्टीच्या आचेत उडून जातो. हाच मद्यार्क म्हणजे इथेनॉल. साखर कारखान्याची मळी मोठ्या टाक्यांत आंबवून नेमकं हेच इथेनॉल काढतात आणि पेट्रोलमध्ये मिसळतात. वीस टक्के मिसळण्याचं उद्दिष्ट आधी २०३० सालासाठी ठरलं होतं. ते २०२५ मध्येच गाठलं गेलं.

पण या मार्गावर एक अडचण आहे. यीस्टला साखर हवी, आणि साखर माणसालाही हवी. डिसेंबर २०२३ मध्ये देशात साखर कमी पडेल या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्र सरकारने बंधनं घातली. पुढच्या हंगामासाठी ती उठवली. मका इथेनॉलकडे वळला की कोंबडीचं खाद्य महागतं. उसाला पाणी लागतं, आणि पाण्याची गोष्ट मराठवाड्याला कुणी सांगायला नको. म्हणून शास्त्रज्ञ म्हणू लागले, माणसाच्या ताटातलं नको, गुराच्या गव्हाणीतलंही नको. जे उरतं, त्यातून इंधन काढू. भाताचा पेंढा, उसाचं पाचट, मक्याची कणसं दाणे काढल्यानंतर उरलेली, आणि आपली पऱ्हाटी.

आता पऱ्हाटीत साखर कुठून आली, असं तुम्ही विचाराल. ती आहे, पण कुलपात आहे. काडी ज्या द्रव्याने उभी असते ते सेल्युलोज म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब साखळी. कापसाचा धागा तर जवळजवळ निव्वळ सेल्युलोजच. काडीमध्ये या साखळ्यांभोवती दुसऱ्या एका जातीच्या साखरेचं वेष्टण असतं, त्याला हेमिसेल्युलोज म्हणतात. आणि या सगळ्याला सिमेंटसारखं घट्ट धरून ठेवणारं तिसरं द्रव्य म्हणजे लिग्निन. पऱ्हाटी हाताने मोडताना जो कडकपणा जाणवतो, तो या लिग्निनचा.

कारखान्यात आधी काडीचे तुकडे करतात, मग वाफेने आणि आम्लाने ती सैल करतात. त्यानंतर साखळ्या तोडायला विकरं, म्हणजे एन्झाइम वापरतात. ही विकरं जिच्यापासून मिळतात त्या बुरशीची कथा कापूसवाल्यांनी ऐकावी अशी आहे. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती कापडाचे तंबू कुजू लागले. दमट हवेत कोणती तरी बुरशी ते अक्षरशः खात होती. सैन्याच्या शास्त्रज्ञांनी ती शोधून काढली. आधी प्रश्न होता, हिला रोखायचं कसं. पुढे लक्षात आलं की ही बुरशी कापडातल्या सेल्युलोजची साखर करते. मग तिला रोखण्याऐवजी पोसायला सुरुवात झाली. एल्विन रीस या शास्त्रज्ञाच्या नावावरून तिचं नाव पडलं ट्रायकोडर्मा रीसी. तिचीच सुधारलेली वाणं आज जगभर या कामाला जुंपलेली आहेत. ट्रायकोडर्मा हे नाव आपल्या शेतकऱ्याला ओळखीचं आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठातून बीजप्रक्रियेसाठी, मर रोगासाठी आपण जी ट्रायकोडर्मा आणतो, ती याच कुळातली.

इथवर निसर्गाने घडवलेले मजूर. यापुढे माणसाचा हात लागतो. काडीतून दोन प्रकारची साखर निघते. पहिली यीस्ट आवडीने खातं. दुसरीचं नाव झायलोज. ती हेमिसेल्युलोजमधून येते, आणि नेहमीचं यीस्ट तिला तोंड लावत नाही. काडीच्या वजनात हेमिसेल्युलोज साधारण पाचवा ते चौथा हिस्सा असतं. एवढा माल वाया गेला तर कारखान्याचं गणित कसं जमावं?

या ठिकाणी जनुकं बदलण्याचं शास्त्र कामी आलं. फ्लोरिडा विद्यापीठातले लॉनी इन्ग्रॅम यांनी ई. कोलाय नावाच्या जिवाणूत मद्यार्क तयार करणाऱ्या दुसऱ्या एका जिवाणूची जनुकं घातली. ई. कोलायला दोन्ही साखरा चालतात. आता तो त्यांचा मद्यार्क करू लागला. १९९१ साली या शोधाला अमेरिकेतलं पन्नास लाखावं पेटंट मिळालं. पर्ड्यू विद्यापीठातल्या नॅन्सी हो यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी यीस्टमध्येच अशी जनुकं बसवली की ते झायलोजही खाऊ लागलं. उर्दूत खमीर या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे: माणसाची मूळ घडण, त्याचा पिंड. या शास्त्रज्ञांनी खमिराचाच पिंड बदलला, असं म्हणायला हरकत नाही.

हे सगळं दूरदेशीचं आहे असं मात्र समजू नका. मुंबईत माटुंग्याला रसायन तंत्रज्ञान संस्था आहे, जुन्या लोकांच्या तोंडी असलेली यूडीसीटी. तिथल्या ऊर्जा-जीवशास्त्र केंद्राने शेतातल्या अवशेषांपासून इथेनॉल काढण्याचं स्वतःचं तंत्र विकसित केलं. त्यावर चालणारा, रोज दहा टन माल घेणारा प्रात्यक्षिक प्रकल्प २०१६ साली उत्तराखंडमधल्या काशीपूरला उभा राहिला. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने २०१७ साली दौंडजवळ असाच प्रकल्प उभारला. तिथे ज्या ज्या मालावर काम करायचं ठरलं, त्यात भाताच्या पेंढ्याबरोबर पऱ्हाटीही होती. प्राजचंच तंत्र वापरून इंडियन ऑइलने हरियाणात पानिपतला मोठा कारखाना बांधला. खर्च नऊशे कोटी रुपयांच्या वर. १० ऑगस्ट २०२२ रोजी त्याचं उद्घाटन झालं. वर्षाला दोन लाख टन पेंढा घ्यायचा आणि तीन कोटी लिटर इथेनॉल द्यायचं, अशी त्याची आखणी. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत शेतातल्या काडीकचऱ्यापासून जिवाणूंच्या समूहाकडून मिथेन आणि हायड्रोजन मिळवण्याचं काम झालं आहे. त्यात जनुकं बदलण्याऐवजी एकमेकांना पूरक असे जिवाणू निवडून एकत्र नांदवले जातात. म्हणजे बुद्धी आपल्या मातीतही आहे.

आता पानिपतचा हिशेब आपल्या शिवारात मांडून पाहू. दोन लाख टनांपासून तीन कोटी लिटर, म्हणजे टनामागे दीडशे लिटर. पऱ्हाटी हेक्टरी दोन ते तीन टन निघते. एकरी ढोबळमानाने एक टन धरा. पेंढ्यापेक्षा पऱ्हाटी कडक, तिला सैल करायला कष्ट जास्त, तेव्हा आकडा थोडा इकडेतिकडे होईल. तरी एका एकराच्या काड्यांत दीडशे लिटरच्या आसपास इंधन दडलेलं आहे, असं म्हणता येतं. ज्या वस्तूला वहीत रकाना नाही, तिची ही किंमत.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. पानिपतएवढा कारखाना पऱ्हाटीवर चालवायचा तर दोन लाख एकरांवरच्या काड्या दरवर्षी एका जागी आणाव्या लागतील. पऱ्हाटी हलकी आणि आडवीतिडवी. ट्रक भरतो तो निम्मा हवेनेच. ती मिळते दोन-तीन महिने, कारखाना चालवायचा बारा महिने. एवढ्या गंजी ठेवायच्या कुठे, वणवा लागला तर काय? म्हणून या धंद्यात जिवाणूपेक्षा बैलगाडी आणि ट्रॅक्टरचा प्रश्न मोठा आहे. प्रयोगशाळेतला मजूर पगार मागत नाही. पऱ्हाटी उपटणारा, भारा बांधणारा, वाहून नेणारा मजूर मात्र मागणार, आणि त्याने मागायलाच हवा.

याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. पऱ्हाटी खरोखर कचरा आहे का?

ज्याच्या घरी दोन सिलिंडर आहेत, त्याच्यासाठी असेल. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, खेडोपाडी गॅसची शेगडी पोचली. तरी भरलेला सिलिंडर परवडत नाही म्हणून चूल पेटवणारी घरं आपल्या तालुक्यात आहेत. त्या घरांसाठी पऱ्हाटी म्हणजे सरपण. शेत दुसऱ्याचं असलं तरी वेचणीला आलेल्या बाईला जाताना डोक्यावर भारा नेऊ द्यायचा, ही आपल्याकडची रीत आहे. ती कुठल्या करारात लिहिलेली नाही. चुलीच्या धुराचं कौतुक मी करणार नाही. त्या धुराने आपल्या आयाबहिणींचे डोळे आणि छाती खराब केली आहे. पण उद्या पऱ्हाटीला भाव आला की पहिला बंद होईल तो हा भारा. चूल विझण्याआधी शेगडी परवडेल अशी सोय झाली, तर ते भलंच. ती न होता भारा गेला, तर एका गरीब घरातलं जळण उचलून दुसऱ्याच्या मोटारीत घातलं, एवढाच त्या प्रगतीचा अर्थ होईल.

पऱ्हाटीवर दुसरा हक्क मातीचा. आपली काळी जमीन सेंद्रिय कर्बाच्या बाबतीत गरीब होत चालली आहे, असं कृषी विद्यापीठाची मंडळी सतत सांगतात. शेणखत कमी झालं, कारण गोठ्यातली जनावरं कमी झाली. अशा वेळी शेतातलं सगळंच उचलून नेलं तर मातीने काय खायचं? गळालेली पानं, सोयाबीनचं भुसकट, तुरीचा पाला हे मातीचं जेवण आहे. ते तिच्याच ताटात राहू द्यावं. कारखान्याला द्यायची तर जी लवकर कुजत नाही अशी कडक काडी द्यावी, आणि तीही सगळी नव्हे.

तिसरा मुद्दा पऱ्हाटीच्या विरोधातला आहे, आणि तो टाळता येणार नाही. शेंदरी बोंडअळी उभ्या पऱ्हाटीत आणि बांधावरच्या ढिगांत, उरल्यासुरल्या बोंडांमध्ये मुक्काम करते आणि पुढच्या हंगामात पुन्हा बाहेर पडते. म्हणून कृषी खातं सांगतं, फरदड घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत पीक काढा, पऱ्हाटीचे ढीग शेताजवळ रचू नका. शेतकरी ऐकत नाही, कारण काढायला मजुरी लागते आणि हाती काही येत नाही. मग एक तर फरदड, नाही तर काडीपेटी. पऱ्हाटीला थोडा जरी भाव मिळाला, तर ती वेळेवर निघेल, धूर टळेल आणि अळीचं घर मोडेल. जे काम सूचनापत्रकाने झालं नाही, ते चार पैशांनी होऊ शकतं. या योजनेच्या बाजूने मला सर्वांत वजनदार वाटणारा मुद्दा हाच आहे.

बोंडअळीचा विषय निघाला म्हणून आणखी एक आठवण करून देतो. जनुक बदललेली वस्तू आपल्या शिवारात पहिल्यांदा येते आहे असं नाही. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. बीटी म्हणजे तरी काय? मातीतल्या एका जिवाणूचं जनुक काढून कापसाच्या बियाण्यात बसवलं, आणि झाड स्वतःच अळीचं विष तयार करू लागलं. सुरुवातीची वर्षं चांगली गेली, फवारण्या घटल्या. पुढे शेंदरी बोंडअळीने त्या विषाशी जुळवून घेतलं आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने बोंडं पोखरून टाकली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. यातून शास्त्र खोटं ठरत नाही. पण शास्त्राने दिलेली वस्तू बाजारातून आपल्या हाती येते, आणि येताना बाजाराच्या अटी घेऊन येते, हे आपण त्यातून शिकलो. घरचं बियाणं गेलं आणि दरवर्षी पाकीट विकत घेणं आलं.

कारखान्यातल्या जिवाणूची गोष्ट थोडी वेगळी आहे, हेही न्यायाने सांगितलं पाहिजे. बीटी उघड्या रानात पेरलं गेलं; हे सूक्ष्मजीव बंद टाकीत राहतात. काम संपल्यावर त्यांना मारूनच गाळ बाहेर पडावा, अशी शिस्त असते. जनुक बदललेल्या जीवांच्या वापरासाठी आपल्याकडे पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ पासून नियम आहेत. तेव्हा जिवाणू पळून गावात शिरेल अशी भीती घालण्यात अर्थ नाही. नियम पाळले जातात की नाही, यावर मात्र गावाचं लक्ष हवं.

प्रश्न मालकीचा आहे. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या बंगालमधून तिकडे गेलेले शास्त्रज्ञ आनंदमोहन चक्रवर्ती यांच्या बाजूने निकाल दिला. त्यांनी तेल खाणारा जिवाणू घडवला होता. न्यायाधीशांचं मत पाच विरुद्ध चार असं पडलं आणि माणसाने घडवलेल्या जिवंत जिवाणूवर पेटंट घेता येतं, हे ठरलं. भारताच्या पेटंट कायद्यातही निसर्गात सापडलेला जीव कुणाचा होत नाही, पण माणसाने बदललेल्या सूक्ष्मजीवाला दार उघडं आहे. म्हणजे काडी आपली, माती आपली, घाम आपला. तिला इंधन करणारा अदृश्य मजूर मात्र कुणाच्या तरी मालकीचा. त्याच्या वापराचं भाडं शेवटी काडीच्या भावातूनच कापलं जाणार.

यावर उपाय नाही असं नाही. महाराष्ट्राने तो एकदा करून दाखवला आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा ऊस पिकवणारा भागधारक झाला. म्हणून पुढे मळीचा मद्यार्क झाला तेव्हा त्यात त्याचा वाटा, निदान कागदावर तरी, होता. सहकाराचं पुढे काय झालं, हे आपण पाहतोच. पण कल्पना खोटी नव्हती. कापूसवाल्याला ते भाग्य लाभलं नाही. त्याने कापूस विकला, तिथे त्याचा संबंध संपला. धागा, कापड, तेल, पेंड हा सगळा पुढचा पसारा दुसऱ्यांचा झाला. पऱ्हाटीच्या बाबतीत तरी ही वाट पुन्हा चालायला नको.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. कारखाना येण्याआधी वहीत रकाना काढा. गावोगावच्या शेतकरी गटांनी पऱ्हाटी गोळा करून, तिथेच तुकडे करून, सुक्या वजनावर विकावी. म्हणजे ट्रक हवेने भरणार नाही आणि मजुरी गावात राहील. मातीचा वाटा आधी बाजूला ठेवावा. भारा नेणाऱ्या बाईचा वाटा करारात लिहावा, किंवा तिच्या घरच्या सिलिंडरची जबाबदारी घ्यावी. आणि माटुंग्यासारख्या सरकारी पैशाने चालणाऱ्या प्रयोगशाळांत जी तंत्रं आणि जे सूक्ष्मजीव तयार होतात, ते शेतकऱ्यांच्या संस्थांना परवडतील अशा अटींवर मिळावेत. कारण त्या पैशात आपल्याही घामाचा अंश आहे.

इंधन हा शब्द संस्कृतातल्या पेटवणे या अर्थाच्या धातूपासून आला. इंधन म्हणजे मुळात पेट घेणारी काडी. तेल, कोळसा, पेट्रोल हे अर्थ त्याला नंतर चिकटले. इतक्या वर्षांनी तो शब्द पुन्हा काडीकडे येतो आहे. काडीमागून काडीवाल्याकडेही काही येतं का, हे आता प्रयोगशाळेत ठरणार नाही. ते इथे, वजनकाट्यापाशी ठरेल.